एकशे त्रेचाळीस टॅगर्ट

नॉर्बर्ट झेलिंकाच्या तळघरात तीन वर्षं बंद पडलेलं एक वॉशिंग मशीन होतं, आणि त्या मशीनवर बुटांच्या खोक्यात ऑर्व्हिल टॅगर्ट नावाच्या बेसबॉल खेळाडूची एकशे त्रेचाळीस कार्डं होती. एकशे त्रेचाळीस खेळाडूंची नव्हेत, एकट्या टॅगर्टची. सगळी एकाच वर्षाची, एकाच फोटोची, एकसारखी. मशीन बंद असण्याचा आणि कार्डं तिथे असण्याचा थेट संबंध आहे, असं त्याची बायको लॉरेन म्हणायची. नॉर्बर्ट म्हणायचा, तुला व्यवहार कळत नाही.

व्यवहार कुणाला किती कळत होता ते पुढे येईलच.

साल होतं १९८९, आणि पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या बेकर्स फोर्डला कार्डांनी पार झपाटलं होतं. ही कार्डं कधीकाळी पाच सेंटांच्या च्युइंगमबरोबर मिळायची. पोरं ती सायकलच्या चाकात अडकवून फटफटीचा आवाज काढायची आणि आया घर आवरताना कचऱ्यात टाकून द्यायच्या. आता त्याच पोरांना टक्कल पडलं होतं, आणि कचऱ्यात गेलेलं तेच कार्ड परत मिळवायला ती शंभर शंभर डॉलर मोजत होती. आयांच्या नावानं बोटं मोडणं तर रोजचंच.

सगळे मोठ्या खेळाडूंच्या मागे लागलेले. नॉर्बर्टचं तसं नव्हतं. "मोठ्यांची कार्डं आधीच महाग आहेत रे," तो न्हाव्याच्या दुकानात बसून सगळ्यांना शिकवायचा. "त्यात आपल्या हाती काय लागणार? नजर ठेवायची ती किरकोळांवर. ज्याला कुणी विचारत नाही, तोच उद्या वर जातो." नॉर्बर्ट स्वतः अडतीस वर्षं काचेच्या कारखान्यात बाटल्या तपासत होता आणि त्याला कधी कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे या मताबद्दल त्याला विशेष जिव्हाळा होता.

बाटल्यांनी त्याची नजर मात्र तयार केली होती. समोरून मिनिटाला साठ बाटल्या जायच्या आणि तडा गेलेली एकही सुटायची नाही. बाटलीत पुढे लोणचं भरणार की औषध, ते त्यानं कधी विचारलं नाही. कार्डांचंही तेच. कार्ड हातात आलं की चार कोपरे, चार कडा, कुठे घडी पडली आहे का, फोटो मधोमध आहे का, झालं. नॉर्बर्ट एका नजरेत सांगायचा.

टॅगर्ट त्याला सापडला तो क्लिफ बॉस्टविकच्या दुकानात, 'तीन घ्या, एक डॉलर द्या' असं लिहिलेल्या खोक्यात. १९५३ सालचा राखीव कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा. सबंध मोसमात सतरा सामने खेळला आणि उरलेला वेळ बाकावर बसून शेंगा खाल्ल्या. फोटोत ऊन डोळ्यांवर आल्यामुळे डोळे मिचकावलेले, आणि टोपीखाली एक कान दुमडलेला. असलं ध्यान कोण घेणार? पण कार्डांचे भाव छापणारं मासिक उघडलं तर टॅगर्टच्या नावापुढे वर तोंड केलेला बाण! पन्नास सेंटांचा पाऊण डॉलर. कुणीतरी घेत होतं. नॉर्बर्टच्या अंगावर काटा आला.

त्याच आठवड्यात घरचं मशीन बंद पडलं. नव्या मशीनसाठी लॉरेननं कॉफीच्या डब्यात पैसे साठवले होते. नॉर्बर्ट म्हणाला, "आज टॅगर्टमध्ये घातले तर वर्षात दुप्पट. मग मशीन घेऊ, वर कपडे वाळवायचंही घेऊ." लॉरेन तेव्हा भोळी होती. हो म्हणाली.

भाव चढला, खोटं कशाला बोला. दीड डॉलर, तीन, पाच, आणि आता नऊ. पण जसजसा चढला तसतसा नॉर्बर्ट आणखी टॅगर्ट आणत गेला, आणि लॉरेन दर सोमवारी टोपली उचलून मेन स्ट्रीटवरच्या धुलाईच्या दुकानात, मशीनमध्ये नाणी टाकत बसायला जात राहिली. जानेवारीच्या बर्फातसुद्धा.

"तुझ्या टॅगर्टला म्हणावं, एकदा तरी चादरी धुऊन दे," ती म्हणायची.

"थांब ग. अजून वर जाणार आहे."

"तो वर जाईपर्यंत मी वर जाईन!"

शेवटी तिनं निर्वाणीचं सांगितलं. येत्या रविवारी आगीच्या बंबवाल्यांच्या हॉलमध्ये कार्डांचा मेळा होता. त्या दिवशी खोकं विकलं गेलं पाहिजे. नाही गेलं तर सोमवारी सगळे टॅगर्ट चर्चच्या जुन्या बाजारात, डॉलरला डझन. लॉरेन बोलते ते करते, हे नॉर्बर्टला बत्तीस वर्षांत पक्कं कळलं होतं. त्यानं क्लिफशी बोलून घेतलं: एका कार्डाला पाच डॉलर, सगळी एकदम, रविवारी दुपारी दोन वाजता.

इथे एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. कार्डवाल्या लोकांत खेळाडूची सही घेतात, पण नुसती सही. 'अमक्याला प्रेमपूर्वक' असं काही त्यावर आलं की कार्ड मेलं. दुसऱ्याचं नाव घातलेलं कार्ड कोण विकत घेणार? लॉरेनचा भाऊ वेंडेल, मनानं फार चांगला माणूस, त्यानं एकदा तीन तास रांगेत उभं राहून एका बड्या खेळाडूची सही आणली आणि नॉर्बर्टच्या वाढदिवसाला दिली. कार्डावर लिहिलेलं, 'माझा मित्र नॉर्बर्ट याला.' नॉर्बर्टचा चेहरा असा झाला, जणू घरात कुणीतरी गेलं असावं. "दोनशे डॉलरचं कार्ड होतं रे ते," एवढंच म्हणाला आणि पुढे सहा महिने वेंडेलशी बोलला नाही.

रविवार उजाडला. हॉलमध्ये लाल बंब बाहेर काढून आत टेबलं मांडली होती. एका टोकाला स्वयंपाकघर, तिथे लॉरेन आणि बाकीच्या बायका बटाट्याच्या सारणाच्या पिएरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, लोण्यात परतत होत्या. दुसऱ्या टोकाला क्लिफनं एक खास टेबल लावलं होतं, वर कागदी पाटी: 'आजचे पाहुणे, ऑर्व्हिल टॅगर्ट.'

नॉर्बर्ट पाटी बघून चमकला. "हा जिवंत आहे?"

"आहे की," क्लिफ म्हणाला. क्लिफ गिऱ्हाइकाशी बोलताना त्याच्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघायचा. "चाळीस मैलांवर पाइन हॉलोला राहतो. मोठे खेळाडू मला परवडत नाहीत. हा पेट्रोलच्या पैशांवर आणि जेवणावर आला. शिवाय बाण वर आहे ना त्याचा."

टेबलामागे सदुसष्ट वर्षांचा एक उंच माणूस इस्त्रीचा कोट घालून बसला होता. समोर तीन नवी पेनं, एका रेषेत. तोच दुमडलेला कान. रांग म्हणाल तर माणूस नाही. लोक पाटी वाचत, त्याच्याकडे बघून ओशाळवाणं हसत आणि पुढे जात.

"अरे पण मग हे नऊ डॉलर देतं कोण?" नॉर्बर्टनं विचारलं.

"गिऱ्हाइकं दोन. एक तू."

"दोनच?"

"दुसरा पाइन हॉलोकडचा कुणीतरी आहे. पोस्टपेटी एकतीस. मनीऑर्डर पाठवतो, नाव लिहीत नाही. माझ्याकडूनच नव्हे, पाच-सहा दुकानांतून घ्यायचा. तू सगळं उचलायला लागलास तेव्हापासून बिचाऱ्याला काही मिळतच नाही." क्लिफनं बोटं मोडली. "म्हणून तर घेतोय तुझं खोकं. जाहिरात देतो, लांबच्या गाढवांना नऊ-नऊला खपवतो. बाजारात एवढा माल आलाय आणि खरं घेणारं कुणी नाही, याचा मासिकवाल्यांना सुगावा लागेपर्यंत निम्मी जातील."

"आणि लागल्यावर?"

"लागल्यावर काय! बाण खाली. परत डॉलरला तीन."

नॉर्बर्टनं मान डोलावली. आपलं खोकं तर जाणार होतं. पुढचं क्लिफ बघेल.

दीडच्या सुमारास लॉरेननं त्याच्या हातात वाफाळती बशी कोंबली. "त्या पाहुण्याला नेऊन दे. सकाळपासून एकटा बसलाय, बघवत नाही. आणि दोन वाजता विसरू नकोस."

"विसरेन कसा? खोकं काखेतच आहे."

टॅगर्टनं पहिली पिएरोगी तोंडात घातली आणि डोळे मिटले. "अगदी अशीच," तो म्हणाला. "कांदा एवढा तांबूस करायला धीर लागतो. आमची अल्मा करायची, माझी बायको. जाऊन सहा वर्षं झाली तिला. तुमच्या मंडळींनी केलीत का?"

"हो, लॉरेननं."

"त्यांना म्हणावं, कृती लिहून पाठवाल तर उपकार होतील." त्यानं एका चिठ्ठीवर पत्ता लिहून पुढे सरकवला. "घरी टपाल नीट येत नाही, म्हणून पेटी ठेवलीय."

नॉर्बर्टनं चिठ्ठी वाचली. ऑ. टॅगर्ट, पाइन हॉलो, पोस्टपेटी ३१.

तो समोरच्या खुर्चीत बसला. खोकं त्यानं टेबलाखाली पायांत दडवलं.

"मिस्टर टॅगर्ट, तुम्ही… स्वतःचीच कार्डं विकत घेता?"

म्हाताऱ्याचे कान लाल झाले, दुमडलेला जास्त. "बोभाटा झाला वाटतं! अहो, घेत होतो. आमच्या गावात न्हाव्याच्या दुकानात जुन्या कार्डांचं एक खोकं असायचं. एकदा केस कापायला बसलो होतो, तर त्यात मी. उलटा पडलेलो, वर कुणीतरी कॉफीचा पेला ठेवलेला. मला काही ते बघवेना. एक डॉलर दिला आणि माझी होती ती तिन्ही कार्डं घेऊन आलो. मग दुसऱ्या दुकानात दिसलो, तिसऱ्या… ते खोक्यातून बाहेर काढायचं वेडच लागलं म्हणा." मग एकदम त्याचा चेहरा उजळला. "पण आता गरज नाही! आता बाहेरची माणसं घेतात."

"बाहेरची?"

"शिकागोकडचा कुणी बडा माणूस आहे म्हणे. क्लिफच सांगत होता. माझं कार्ड दिसलं की उचलतो, भाव बघत नाही." टॅगर्टनं कोटाच्या आतल्या खिशातून मासिक काढलं. घड्या घालून घालून पान विरलं होतं, तरी बाणाभोवती पेन्सिलीनं केलेला गोल दिसत होता. "हे बघा. नऊ डॉलर. सतरा सामने खेळलो हो मी. तेहतीस वर्षं कुणी कुत्रं विचारत नव्हतं. आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी दुकान उघडायच्या आधी जाऊन उभा राहतो, बाण आहे ना बघायला."

शिकागोचा बडा माणूस टेबलाखाली पायांनी खोकं आणखी आत ढकलत होता. त्याचा जन्म बेकर्स फोर्डचा, आणि तो शिकागोला एकदाच गेला होता, मावसबहिणीच्या लग्नाला.

म्हणजे हा सगळा भाव म्हणजे हे दोघे म्हातारे! टॅगर्टनं घेतलं म्हणून बाण चढला, बाण चढला म्हणून नॉर्बर्टनं घेतलं, नॉर्बर्टनं घेतलं म्हणून आणखी चढला. मधे तिसरं माणूस नव्हतं. आणि आता अर्ध्या तासात नॉर्बर्ट खोकं देणार, मग कधीतरी पहिल्या तारखेला हा माणूस दुकानासमोर उभा राहणार आणि मासिक उघडून बघणार. नॉर्बर्टला ते डोळ्यांसमोर दिसलं. नको होतं तरी दिसलं. दुसरीकडे लॉरेन दिसत होती, बर्फातून टोपली घेऊन जाणारी. तीही खरीच होती.

बरोबर दोन वाजता क्लिफ पाकीट घेऊन हजर. "काय नॉर्बर्ट, आण ते खोकं."

नॉर्बर्टनं खोकं वर घेतलं, टेबलावर ठेवलं आणि झाकण काढलं. टॅगर्टनं आत बघितलं. मग बघतच राहिला. त्याचा घास हातातच राहिला.

"हे सगळे… मी?"

"तुम्ही," नॉर्बर्ट म्हणाला. त्यानं वरचं कार्ड काढलं, सगळ्यांत चांगलं, चारही कोपरे सुईसारखे, आणि म्हाताऱ्यासमोर ठेवलं. "सही द्या."

टॅगर्टनं घाईनं तोंड पुसलं, पेन निवडलं. "नुसती सही ना? क्लिफनं बजावलंय मला, दुसरं अक्षर काढायचं नाही, कार्ड वाया जातं."

"नाही," नॉर्बर्ट म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "वर लिहा, 'नॉर्बर्टला.'"

"अरे ए!" क्लिफ ओरडला. "चक्रम आहेस का? त्या कार्डाचे कुणी पाच सेंट देणार नाही!"

"माहीत आहे."

टॅगर्टनं लिहिलं. सावकाश, जीभ दातांत धरून, शाळेत लिहावं तसं. नॉर्बर्टनं दुसरं कार्ड ठेवलं आणि हॉलमध्ये नजर फिरवली. पलीकडे वेंडेल सॉसेज खात उभा होता. "वेंडेल! इकडे ये. मिस्टर टॅगर्ट, हा माझा मेहुणा. 'वेंडेलला' लिहा."

वेंडेलनं आधी मागे वळून बघितलं, दुसरा कुणी वेंडेल आहे का म्हणून. मग आला. कार्ड हातात घेतल्यावर त्यानं आधी त्यावरचं नाव वाचलं. तो नॉर्बर्टचा खांदा थोपटत राहिला आणि नॉर्बर्टच्या सदऱ्याला सॉसेजवरची मोहरीची चटणी लागली.

"ऐका!" नॉर्बर्ट खुर्चीवर चढला. साठ वर्षांच्या आयुष्यात तो पहिल्यांदाच खुर्चीवर चढून बोलत होता, त्यामुळे त्याला पुढचं सुचायला थोडा वेळ लागला. "कार्ड फुकट! सही फुकट! अट एकच, तुमचं नाव सांगायचं आणि तेच कार्डावर घालून घ्यायचं. नुसती सही मिळणार नाही!"

बेकर्स फोर्डमध्ये फुकट हा शब्द बंबाच्या भोंग्यापेक्षा लांब ऐकू जातो. पाच मिनिटांत रांग टेबलापासून स्वयंपाकघरापर्यंत गेली, मग दारापर्यंत, मग बाहेर उभ्या बंबाला वळसा घालून. बंबवाले आले, पाद्री आले, पिएरोगीवाल्या बायका आल्या. टॅगर्ट प्रत्येकाला नाव विचारत होता, नाव दोनदा म्हणून बघत होता, आणि मग लिहीत होता. कुणी विचारलं, "कसं होतं हो तेव्हा?" की सतरांपैकी एक सामना सांगत होता. रांग पुढे सरकत नव्हती आणि कुणाची तक्रार नव्हती.

क्लिफ जरा वेळ पाकीट हलवत उभा राहिला. मग तोही रांगेत लागला. नंबर आल्यावर हळूच म्हणाला, "मला आपली नुसती सही."

"नाव काय म्हणालात?" टॅगर्टनं विचारलं.

"अहो, क्लिफ. मीच बोलावलंय तुम्हाला."

"हो, हो. 'क्लिफला.'"

तेवढ्यात गर्दी दुभंगली. लॉरेन हातात झारा घेऊन येत होती. "नॉर्बर्ट झेलिंका!"

ती आडनावासकट हाक मारते तेव्हा शेजारची कुत्रीसुद्धा घरात जातात. नॉर्बर्ट खुर्चीवरून उतरला.

"माझं मशीन कुठाय?"

नॉर्बर्टनं तिला बाजूला घेतलं आणि कुजबुजत सगळं सांगितलं. पोस्टपेटी, बाण, शिकागोचा बडा माणूस. "क्लिफला विकलं असतं तर याचा भाव मातीत गेला असता ग. आता ही कार्डं कुणी विकूच शकत नाही. नावं पडलीत त्यांच्यावर. बाण खाली यायला बाजारात माल तर हवा!"

लॉरेननं ऐकून घेतलं. एकदा टॅगर्टकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत काहीतरी मऊ आलं, पण ते फार टिकलं नाही. "म्हणजे त्याचा बाण वर राहावा म्हणून मी टोपल्या वाहायच्या. हे हात बघ. बघ ना! तीन वर्षांत एकदा विचारलंस, लॉरेन, कंबर दुखते का?"

खरं सांगायचं तर नॉर्बर्टनं एकदाही विचारलं नव्हतं. तो मान खाली घालून उभा राहिला आणि त्याला मनापासून लाज वाटली.

"बाई," मागून टॅगर्ट म्हणाला. त्याला बोलणं ऐकू गेलं नव्हतं, नुसता झारा दिसला होता. "तुम्हीच ना पिएरोगीवाल्या? हे तुमचं. 'लॉरेनला.' सगळ्यांत नीट अक्षर काढलंय."

लॉरेननं कार्ड घेतलं. अशा वेळी दुसरं काय करणार? घेतलं, आणि बायकामाणसं कुठलीही वस्तू हातात आली की करतात ते तिनं केलं: उलटून बघितलं. गळ्यातला चष्मा नाकावर चढवला. तिचे ओठ हलायला लागले. मग ती मोठ्यानं वाचायला लागली.

"'ऑर्व्हिल हिवाळ्यात पाइन हॉलो इथे मामाच्या दुकानात वॉशिंग मशिनं दुरुस्त करतो. त्याची बायको म्हणते, त्याच्या हातून सुधारलं नाही असं मशीन अजून तयार व्हायचंय.'"

हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. लॉरेननं चष्म्यावरून नवऱ्याकडे बघितलं.

"नॉर्बर्ट, हे तू वाचलं होतंस?"

"मी… मागचे कोपरे बघितले होते."

"तीन वर्षं!" लॉरेनचा आवाज चढत गेला. "एकशे त्रेचाळीस वेळा हे लिहून माझ्या घरात ठेवलं होतं! आणि कुठे? बंद मशीनच्या डोक्यावर!"

वेंडेल आधी हसला. मग पाद्री. मग अख्खी रांग, बाहेरच्या बंबापर्यंत, जिथे काय झालं ते कळलंही नव्हतं. लॉरेनलाही आवरेना, ती झारा छातीशी धरून हसत होती आणि डोळे पुसत होती. टॅगर्टला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. त्यानं पेनाचं टोपण लावलं.

"तीस वर्षं मग तेच केलं मी," तो म्हणाला. "बिघाड काय आहे तुमच्या मशीनचा?"

"पाणी सोडत नाही. नुसतं गुरगुरतं."

"पंपाचा पट्टा असणार. उद्या येतो. कृती तेवढी तयार ठेवा."

सोमवारी सकाळी नऊला तो आला, हत्यारांची पेटी घेऊन, कोट घरी ठेवून. तळघरात गुडघे टेकून बसला आणि मशीन कलतं करून आत हात घातला. काल टेबलामागे अवघडून बसलेला माणूस तो नव्हेच. हात कसे सरसर चालत होते! पाऊण तासात त्यानं तुटका पट्टा काढून नवा चढवला. लॉरेननं चादरी घातल्या, बटण दाबलं, आणि मशीन फिरायला लागलं. ती दोन्ही हात झाकणावर ठेवून नुसती उभी राहिली.

हात पुसता पुसता टॅगर्टचं लक्ष वर गेलं. मशीनच्या वरच्या भिंतीला लॉरेननं आपलं कार्ड लावलं होतं, आणि मागची बाजू पुढे करून.

"तिला सांगितलं मी, उलटं लागलंय म्हणून," नॉर्बर्ट घाईनं म्हणाला. "सही झाकली जाते."

"उलटं नाही," लॉरेन म्हणाली. "त्या बाजूला नुसतं तोंड आहे."

टॅगर्ट कार्डाजवळ गेला आणि मागचा मजकूर वाचला. फडकं हातातच होतं.

"कार्डवाल्या कंपनीनं कागद पाठवला होता," तो म्हणाला. "उंची काय, वजन काय, हिवाळ्यात काय करता. मी लिहिलं होतं, अस्वलाची शिकार. अल्मानं ते खोडलं, हे लिहिलं आणि कागद टपालपेटीत टाकून आली, मला न सांगता. छापूनच आलं! अख्खा मोसम संघातली पोरं माझ्या अंगावर घाणेरडे मोजे फेकायची. आठवडाभर मी तिच्याशी बोललो नाही, असा मूर्ख." त्यानं नाक ओढलं. "काल तुम्हाला म्हणालो ना, खोक्यात मला मी बघवेना? तसं नव्हतं ते. माझ्या तोंडाचं काय घेऊन बसलात. तिचं वाक्य होतं हो त्याच्यावर. आणि डॉलरला तीन."

लॉरेननं त्याच्या हातातलं तेलकट फडकं काढून घेतलं आणि स्वच्छ टॉवेल दिला. मशीननं पहिलं पाणी सोडलं, तीन वर्षांत पहिल्यांदा.

नॉर्बर्टनं खिशातून आपलं कार्ड काढलं, उलटं केलं आणि कोपऱ्यांकडे न बघता वाचायला सुरुवात केली. उंची सहा फूट दोन इंच. वजन एकशे नव्वद पौंड. उजव्या हातानं फेकतो. मग अल्माचं वाक्य आलं, आणि ते त्यानं दोनदा वाचलं.